पितृपक्ष, कनू आणि मी एकटी

"पितृपक्षात कशाला पाण्यात जातेस गं?" हा आईचा पहिला प्रश्न. दुसरा, "आणि एकटीच?" तिसरा प्रश्न तिने मला विचारलाच नाही, फोन जावयांकडे दे म्हणाली आणि मग "तुम्ही हिला सोडताय कसे" वगैरे सुरू झालं, नवरा बिचारा हो आई, नाही आई करत किचनमध्ये पळाला.

आईचं तसं चुकत नाही. आम्ही चिपळूणचे. २००५ चा पूर मी स्वतः बघितलाय, २०२१ च्या जुलैत मी इथे कॅनडात होते आणि आई शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर, रात्रभर फोन लागत नव्हता. तेव्हापासून पाणी म्हटलं की तिचा चेहरा बदलतो. त्यात मी सांगतेय की मी चार दिवस जंगलातल्या तळ्यांमधून एकटी होडी वल्हवत जाणार, तिथे फोनला रेंज नाही, आणि होय, अस्वलं आहेत.

तर ठिकाण अल्गॉन्क्विन पार्क. टोरंटोपासून तीनेक तास, बॅरी, हंट्सव्हिल करत हायवे ६० धरला की पोचतो. १८९३ साली झालेलं पार्क, साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं, आणि त्यात दोन हजारांहून जास्त तळी. तळी म्हणजे आपलं गावचं तळं नाही हां, काही तळ्यांचं दुसरं टोक दिसत नाही. गाडीचा रस्ता पार्कच्या फक्त खालच्या कोपऱ्यातून जातो, बाकी सगळीकडे जायचं तर पायी नाहीतर कनूने, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या हलक्या, निमुळत्या होडीने. एक तळं संपलं की होडी डोक्यावर घ्यायची, जंगलातून चालत पुढच्या तळ्यावर जायचं, पुन्हा पाण्यात टाकायची. ह्या चालण्याला पोर्टेज म्हणतात, शब्द फ्रेंच आहे पण रस्ते त्याच्याही कितीतरी आधीचे. इथले मूळ लोक बर्चच्या सालीच्या हलक्या होड्या करायचे त्या यासाठीच, की उचलून नेता याव्यात.

मी सह्याद्रीत बऱ्यापैकी भटकलेय, हरिश्चंद्रगड, राजमाची, रतनगड सगळं झालंय, पण ते सगळं दहा-पंधरा जणांच्या ग्रुपबरोबर, कोणीतरी कांदे चिरतोय, कोणीतरी गाणी म्हणतोय. एकटीने कधी एक रात्र पण काढली नव्हती. दोन उन्हाळे घराजवळच्या तळ्यावर कनू शिकले, नवऱ्याबरोबर अल्गॉन्क्विनला दोनदा जाऊन आले, मग मुलीची शाळा आणि त्याच्या सुट्ट्या जुळेनात आणि मी म्हटलं ठीक आहे, मी जाते. एप्रिलमध्येच बुकिंग करून टाकलं, कारण पाच महिने आधी बुकिंग उघडतं आणि कोणत्या रात्री कोणत्या तळ्यावर राहणार ते तेव्हाच सांगावं लागतं. पितृपक्ष कधी येतो ते एप्रिलमध्ये कोण बघतं.

अस्वलाबद्दल एकदाच बोलते आणि विषय संपवते. ज्याला सांगितलं त्याने अस्वलच विचारलं. मावसभावाने तर फॅमिली ग्रुपवर शोधून टाकलं की १९९१ साली याच पार्कात ओपिओंगो लेकवर अस्वलाने दोघांना मारलं होतं. खरं आहे ते. पण बाकी इतकी वर्षं इतके लोक तिथे राहून येतात, अस्वल बहुतेक वेळा तुमच्या जेवणासाठी येतं, म्हणून जेवण झाडाला टांगायचं, तंबूत बिस्किट पण ठेवायचं नाही. मी भाऊरायाला हे सांगितलं नाही की मी जिथून निघणार होते त्या कनू लेकमध्येच टॉम थॉमसन बुडाला. कॅनडाचा मोठा चित्रकार, ३९ वर्षांचा, ह्याच तळ्यांवर होडी घेऊन हिंडून चित्रं काढायचा. १९१७ च्या जुलैत एकटा निघाला, आधी त्याची रिकामी कनू सापडली आणि आठवड्याभराने तो. नक्की काय झालं यावर लोक अजून भांडतात. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की त्याला कनू येत होती, माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगली.

असो. पहिला दिवस. कनू लेकवर होडी भाड्याने घेतली, सोळा फुटी, केव्हलार नावाच्या हलक्या पण मजबूत धाग्याची, वजन वीसेक किलो. ही दोघांची होडी असते, त्यामुळे एकटं माणूस नेहमीसारखं मागच्या सीटवर बसलं की पुढचं टोक हवेत, मग वाऱ्याने ती कुठेही फिरते. म्हणून पुढच्या सीटवर उलटं तोंड करून बसायचं, म्हणजे होडीचं मागचं टोक तुमचं पुढचं होतं आणि तुम्ही मध्याच्या जवळ येता, मग सगळं सामान समोर लांब ठेवायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण चालतं. आणि एकाच बाजूने वल्हवताना होडी गोल फिरू नये म्हणून प्रत्येक वेळी शेवटी वल्हं जरा बाहेर ढकलायचं, त्याला जे-स्ट्रोक म्हणतात, दोन उन्हाळे त्यातच गेले माझे.

मग पहिलं पोर्टेज, कनू लेक ते जो लेक, तीनशे मीटरच्या आतबाहेर, रुंद, जवळजवळ रस्ताच. इथे मला एकटीने जाण्याचं गणित कळलं. दोघं असलो की एक होडी उचलतो, एक बॅगा. एकटीला दोन्ही एकदम झेपत नाही. म्हणजे आधी बॅग नेऊन ठेवायची, रिकाम्या हाताने परत यायचं, मग होडी न्यायची. प्रत्येक वाट तीनदा! नकाशावर पाऊण किलोमीटर लिहिलं असेल तर तुम्ही सव्वादोन चालणार. होडीच्या मधोमध एक आडवं लाकूड असतं, खांद्यावर बसेल असं कोरलेलं, आणि ते खांद्यावर आल्यावर मला आजोळचे बैल आठवले, जू म्हणतात ते हेच. डोक्यावर पूर्ण होडी, समोर फक्त स्वतःचे बूट आणि दहा फूट रस्ता दिसतो. समोरून एक आजोबा त्यांची होडी घेऊन आले, सत्तरीचे तरी असतील, दोन होड्यांखालून आम्ही एकमेकांना हॅलो केलं, चेहरे दिसलेच नाहीत.

बर्न्ट आयलंड लेकवर पोचेपर्यंत चार वाजले. कॅम्पसाइटला केशरी पाटी असते, त्या तळ्याचं बुकिंग असलं की जी रिकामी मिळेल ती तुमची. तंबू लावला, पाणी फिल्टर केलं, लाकडं गोळा केली (खाली पडलेलीच घ्यायची), आणि मग जेवण टांगायचा कार्यक्रम. नियम असा की जमिनीपासून चार मीटर वर आणि खोडापासून दोन मीटर लांब. दगडाला दोरी बांधून फांदीवरून फेकायची. नवरा हे एका फेकीत करतो आणि मग उगाच माझ्याकडे बघतो. मी मोजले नाहीत पण वीस तरी फेकले, एक दगड दोरीतून सुटून तळ्यात गेला, एक माझ्याच डोक्याजवळून. शेवटी जमलं तेव्हा टाळ्या वाजवल्या, स्वतःसाठीच.

खायला काय नेलं हे मैत्रिणींनी सगळ्यात जास्त विचारलं म्हणून सांगते. आत टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे, त्यामुळे लोणच्याची बरणी बाद, झिपलॉकमध्ये नेलं आणि अर्थातच ते सांडलं. मेतकूट, तांदूळ, तूप, पोहे, शेंगदाण्याचे लाडू, आणि घरून बेसन, तिखट, मीठ, तळलेला लसूण, जिरं सगळं एकत्र करून पिठल्याचं पीठ नेलं होतं, उकळत्या पाण्यात टाकलं की झालं. अस्वलाला मेतकुटाचा वास आवडतो का यावर कुठेच माहिती मिळाली नाही.

रात्र. खरं सांगू, पहिली रात्र झोपलेच नाही. दहाच्या सुमारास पाण्यातून धप्प असा आवाज आला, कोणीतरी मोठा धोंडा टाकल्यासारखा. मी उठून बसले, शिट्टी हातात. परत धप्प. पाच मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला की बीव्हर आहे, पाण्यात राहणारं, चपट्या शेपटीचं जनावर, घाबरलं की शेपटी पाण्यावर आपटतं. म्हणजे ते मला घाबरलं होतं आणि मी त्याला. मग मध्यरात्री लून ओरडला. लून म्हणजे इथल्या एक डॉलरच्या नाण्यावर असतो तो पक्षी, त्याचा आवाज रडणं आणि हसणं यांच्या मधला काहीतरी. आपल्याकडे रात्री टिटवी ओरडली की आजी देवाचं नाव घ्यायची, मी पण घेतलं.

दुसरा दिवस सरळ गेला, ऑटरस्लाइडच्या तळ्यांपर्यंत गेले, हवा मस्त, पाणी आरशासारखं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चांगल्या दिवसांचं असंच असतं.

तिसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. म्हणजे उशिरा उठले. चहा घेतला, परत एक चहा घेतला, फोटो काढले, आणि परतीच्या वाटेवर पोर्टेज तीनदा चालून बर्न्ट आयलंडच्या वरच्या टोकाला आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. इथे सगळे सांगतात की मोठं तळं सकाळी लवकर ओलांडा, दुपारी वारा उठतो. मला माहीत होतं. वारा नैऋत्येकडून, तळं त्याच दिशेला लांबलचक, म्हणजे सगळ्या लाटा सरळ माझ्या तोंडावर. काठाशी एवढं वाटत नव्हतं म्हणून निघाले. शंभर-दीडशे मीटर गेले असेन, टेकाडाच्या आडून बाहेर आल्याबरोबर होडीचं टोक उचललं गेलं, वाऱ्याने बाजूला फिरवलं आणि पहिली लाट आत आली. मांडीवर बर्फासारखं पाणी. सीटवरून खाली गुडघ्यावर बसले, त्याने जरा स्थिर होते. पोटात असा खड्डा पडला ना. लाइफ जॅकेट अंगात होतं पण सप्टेंबर अखेरच्या त्या पाण्यात पडलं तर हातपाय किती वेळ चालतील, आणि होडी पालथी झाली तर एकटीने ती सरळ कोण करणार.

परत वळायचं तर लाटा बाजूने घ्याव्या लागणार, तेच सगळ्यात धोक्याचं. मग वळलेच नाही. टोक वाऱ्याकडेच ठेवलं, फक्त सरळ राहण्यापुरतं वल्हवलं आणि वाऱ्याला मला मागे ढकलू दिलं. किती वेळ लागला माहीत नाही, मला तासभर वाटला, दहा मिनिटं असतील. पाठीमागे खडक लागला तेव्हा उतरून त्याच्यावर बसूनच राहिले.

जवळच एक केशरी पाटी होती, रिकामी. रात्र ह्याच तळ्यावर बुक होती हे नशीब, फक्त मला पश्चिमेकडची साइट हवी होती. कपडे बदलले, तंबू लावला, पिठलं केलं. मग काय करायचं? दुपार संपेचना. साडेपाचला वारा पडल्यासारखा वाटला. मी चक्क मोठ्याने स्वतःशी भांडले. आत्ता गेले तर अंधाराच्या आत पोचेन, उद्या चार तास वाचतील. ग्रुपमध्ये असते तर कोणीतरी चल म्हणाला असता, कोणीतरी नको म्हणाला असता, आणि मी बहुमताबरोबर गेले असते. इथे दोन्ही बाजूंनी मीच. नको म्हणणारी जिंकली, पण अगदी थोडक्यात, तंबूच्या दोन खुंट्या काढून झाल्या होत्या. सहाला वारा परत उठला, दुपारपेक्षा जोरात.

इकडे घरी वेगळंच नाटक. माझ्याकडे सॅटेलाइटवाला ट्रॅकर होता, नवऱ्याला नकाशावर माझा ठिपका दिसायचा. ठिपका पाण्यात गेला, परत आला आणि मग हललाच नाही. मी "वाऱ्यामुळे थांबलेय, ठीक आहे" असा मेसेज पाठवला होता पण झाडाखाली बसून, तो दोन तासांनी गेला. त्या दोन तासांबद्दल तो अजून फारसं बोलत नाही.

चौथ्या दिवशी पावणेसातला पाण्यात होते. धुकं, अंगात तीन थर, पाणी इतकं शांत की वल्ह्यावरून पडणाऱ्या थेंबांचा आवाज येत होता. काल जिथे जीव मुठीत होता तिथून मी लाडू खात गेले. दुपारी गाडीपाशी पोचले, हंट्सव्हिलला आल्यावर आईला फोन केला, तिकडे रात्रीचे साडेअकरा, एका रिंगमध्ये उचलला.

"अस्वल दिसलं?"

"नाही गं. वारा होता खूप."

"वाऱ्याला काय घाबरायचं," आई म्हणाली, "मेतकूट पुरलं का?"