तुम्ही विचारलंत म्हणून : मक्याचे कणीस कच्चे कसे खाता?

आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांपुढे मी स्वीट कॉर्नचे कणीस सोलतो, त्याचे केस झटकतो आणि ते न भाजता, न उकडता तसेच दाताला लावतो, तेव्हा समोरचा माणूस हातातला चहा खाली ठेवून विचारतो, "सर, कच्चंच खाता? पोट नाही दुखत?" सोलापुरात हा प्रश्न मला शेजारी, माजी विद्यार्थी आणि आमच्या विहीणबाई अशा सर्वांनी विचारला आहे. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो.

पोट दुखते, हे मी स्वतः अनुभवले आहे. परंतु ते स्वीट कॉर्नने नव्हे. लहानपणी गावी जनावरांसाठी लावलेल्या साध्या मक्याची दोन जून कणसे आम्ही भावंडांनी पैजेने कच्ची खाल्ली होती आणि रात्रभर आजीने ओव्याचे पाणी पाजले होते. साध्या मक्याच्या दाण्यात झाडाने पाठवलेली साखर झपाट्याने पिष्टाच्या (स्टार्चच्या) रूपात साठवली जाते. न शिजवलेल्या पिष्टाचे कण घट्ट असतात आणि आपल्या पाचकरसांना ते सहज फोडता येत नाहीत. भाजल्याने किंवा उकडल्याने ते फुगतात, मऊ होतात आणि पचतात. म्हणून साधा मका कच्चा खाऊ नये, ही आजीची शिकवण अगदी रास्त होती.

स्वीट कॉर्न हा त्याच मक्याचा, पण पिष्ट बनवण्याच्या कामात बिघाड झालेला भाऊ आहे. जनुकातील बदलामुळे त्याच्या दाण्यात साखरेचे पिष्ट पुरेसे बनत नाही आणि साखर तशीच मागे राहते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे जॉन लॉफनन यांनी १९५३ साली अशाच एका दुसऱ्या जनुकाकडे लक्ष वेधले. त्या जनुकामुळे दाण्यातील साखर जुन्या स्वीट कॉर्नच्या दुपटीहूनही अधिक भरते आणि वाळल्यावर दाणा पार चिपाडासारखा आकसतो. आज आपल्या बाजारात येणारे बहुतेक संकरित वाण या अतिगोड प्रकारातले आहेत. मोहोळ तालुक्यात शेती करणाऱ्या माझ्या मेहुण्यांनी प्रथम या बियाण्याची पिशवी फोडली, तेव्हा आतले सुरकुतलेले दाणे पाहून ते दुकानदाराशी भांडायलाच निघाले होते. मी त्यांना, वाटाण्यावरून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलच्या सुरकुतलेल्या वाटाण्याची गोष्ट सांगून थांबवले. त्या वाटाण्याच्या सुरकुत्यांमागेही पिष्ट बनवणाऱ्या एका विकरातील (एन्झाइममधील) बिघाड आहे, हे १९९० साली स्पष्ट झाले. मेहुण्यांना मेंडेलशी काही देणेघेणे नव्हते, पण बी उगवले.

येथे मला उलट विचारावेसे वाटते की, शेतातल्या वाटाण्याच्या शेंगा आपण उभ्या उभ्या फोडून खातो, हरभऱ्याचे घाटे सोलून तोंडात टाकतो, तेव्हा "कच्चे खाल्ले" असे कोणी म्हणते का? त्यांना आपण कोवळे म्हणतो. मक्याच्या वाट्याला मात्र 'कच्चा' हाच शब्द आला, कारण आपण त्याला निखाऱ्यावर, लिंबू-तिखट चोळलेला असाच ओळखत आलो. संभाजी तलावाकाठी पावसाळ्यात कणीस भाजून घेणाऱ्या माणसाला ते तसेच खा म्हणणे, मला मान्य आहे, थोडे विक्षिप्तपणाचे आहे.

सोलापूरच्या माणसाला खरे तर हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. धान्याच्या वयाची इतकी बारीक जाण फार थोड्या ठिकाणी असेल. ज्वारीचा दाणा आधी दुधात येतो, मग चिकात येतो, मग हुरड्यात येतो आणि त्यानंतर तो भाकरीचा होतो. गूळभेंडी, सुरती, कुचकुची ही नावे हुरड्यासाठीच राखलेली आहेत, आणि मंगळवेढ्याकडचा शेतकरी कणसाकडे नुसते पाहून ते आज भाजायचे की चार दिवसांनी, हे सांगतो. हुरडा मात्र आपण भाजतोच. गोवऱ्यांच्या आगटीत कणीस खुपसल्याशिवाय आणि तळव्यावर चोळल्याशिवाय तो दाणा बोंडातून नीट सुटत नाही. शिवाय त्या वयापर्यंत त्यात पिष्ट बऱ्यापैकी भरलेले असते, त्याला विस्तव लागतोच. स्वीट कॉर्न आपण त्याच्या आधीच्या पायरीवर, दाणा दुधात असताना काढतो. केस बाहेर पडल्यापासून साधारण २० दिवसांनी तो त्या अवस्थेला येतो. तेव्हा केस वाळून तपकिरी झालेले असतात आणि पाला हिरवागार असतो. दाण्यावर नख दाबावे. पाण्यासारखा रस आला तर घाई झाली, दुधासारखा आला तर वेळ बरोबर आहे, आणि पिठासारखा लगदा आला तर ते कणीस उकडायला ठेवावे.

खरी अडचण तोडणीनंतर सुरू होते. तोडलेले कणीस जिवंत असते, वेगाने श्वसन करते आणि उष्णता बाहेर टाकते. मंडईतल्या कणसांच्या ढिगात मधोमध हात घालून पाहा. आत ऊब लागली तर ती कणसे कच्ची खाण्याच्या लायकीची राहिलेली नाहीत, असे मी समजतो. जुन्या प्रकारच्या स्वीट कॉर्नमध्ये ३० अंश सेल्सियस तापमानाला एका दिवसात सुमारे ६० टक्के साखरेचे पिष्ट होऊ शकते, तर ० अंशाला तेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास राहते. अतिगोड वाणांत ही घसरण बरीच मंद असते, परंतु सोलापूरचा उन्हाळा ज्याला ठाऊक आहे त्याने त्या भरवशावर राहू नये. कणीस न सोलता, पाल्यासकट फ्रिजमध्ये ठेवावे आणि शक्यतो त्याच दिवशी संपवावे. लक्ष्मी मार्केटमध्ये दाणे काढून पिशवीत भरलेले मिळतात, ते मी कच्चे खाण्यासाठी कधीच घेत नाही.

एकदा मेहुण्यांची फजिती झाली, तीही सांगण्याजोगी आहे. त्यांचे स्वीट कॉर्न आणि शेजाऱ्याचा चाऱ्याचा मका एकाच आठवड्यात तुऱ्यावर आले. मक्याचे परागकण वाऱ्याने जातात, प्रत्येक दाण्याला आपला स्वतंत्र केस असतो, आणि गोडपणाचा गुण अप्रभावी, म्हणजे साध्या मक्याच्या गुणापुढे दबणारा असल्यामुळे साध्या मक्याचा पराग ज्या केसावर पडला तो दाणा त्याच हंगामात पिठूळ भरला. कणीस खाताना एक घास गोड आणि एक घास पिठाचा, असा प्रकार झाला. व्यापाऱ्याने तो माल नाकारला. तेव्हापासून दोन पेरण्यांमध्ये तीन आठवड्यांचे अंतर ठेवण्याचा करार बांधावरच झाला आहे.

आता आरोग्याबद्दल बोलतो, कारण विहीणबाईंचा प्रश्न तोच होता. कच्चे खाल्ल्याने काही विशेष पौष्टिकता मिळते, असा माझा दावा नाही. १०० ग्रॅम कच्च्या दाण्यांत साधारण ७६ टक्के पाणी, ८६ किलोकॅलरी, ६ ग्रॅम साखर आणि ३ ग्रॅम प्रथिने असतात. शिजवल्याने 'क' जीवनसत्त्व काही प्रमाणात घटते, हे खरे. पण कॉर्नेल विद्यापीठात २००२ साली झालेल्या अभ्यासात मका शिजवल्यावर त्यातील एकूण प्रतिऑक्सिडीकारक (अँटिऑक्सिडंट) क्षमता वाढलेली आढळली. म्हणजे या तराजूत दोन्ही पारडी खालीवर होतात. मी चवीसाठी खातो. दाण्याची साल कोणालाच पचत नाही, म्हणून नीट चावून खावे, आणि ज्यांचे पोट गॅसने लगेच फुगते त्यांनी अर्ध्या कणसावर थांबावे. मधुमेह असलेल्यांनी साखरेचा आकडा पुन्हा एकदा वाचावा आणि आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

दोन बाबतींत मात्र मी हट्टी आहे. पहिली फवारणीची. अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात दिसली, त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली, आणि तेव्हापासून मक्यावर औषध मारल्याशिवाय पीक हाती लागणे अवघड झाले आहे. पाल्याच्या थरांमुळे दाणा बराच झाकलेला राहतो, तरीही शेवटची फवारणी केव्हा झाली हे शेतकऱ्याला विचारतो, शेंड्याचा अळीने पोखरलेला भाग कापून टाकतो आणि सोललेले कणीस वाहत्या पाण्याखाली धुतो. दुसरी बाब गोठवलेल्या पाकिटाची. त्यातले दाणे थेट कोशिंबिरीत घालण्याची पद्धत आता अनेक घरांत दिसते. लिस्टेरिया नावाचा जिवाणू गोठवल्याने मरत नाही. युरोपात २०१५ ते २०१८ या काळात गोठवलेल्या मक्याशी व इतर भाज्यांशी जोडल्या गेलेल्या साथीत ४७ जणांना लागण झाली आणि ९ जण दगावले. पाकिटातला मका शिजवूनच खावा. घरात गरोदर स्त्री किंवा वृद्ध माणूस असेल तर यात अजिबात सवलत देऊ नये. अशा माणसांना मी ताजे कणीसही वाफवूनच देतो.

विहीणबाईंनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि मग एक कणीस उचलून त्यावर आमच्या घरची शेंगाचटणी भुरभुरली. मी इतकी वर्षे नुसतेच खात होतो, फार तर लिंबू पिळून. कोवळ्या दाण्याच्या गोड रसात शेंगदाण्याचे तेल आणि लसणीचा तिखटपणा मिसळला की काय होते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. आता पहाटे तोडलेली कणसे मेहुणे मोटारसायकलवरून आणून देतात, तेव्हा मी चहाच्या आधी चटणीची बरणी शोधतो.