मधल्या रांगेतला डीए

परत आलेल्या रिकाम्या सिलिंडरांची गाडी उतरवून घेणं म्हणजे दिवसातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. व्हॉल्व्ह बंद आहे का, टोपी चढवली आहे का, लेबल शाबूत आहे का, एवढं बघायचं आणि सही ठोकायची. त्या दुपारी गाडीत 20 ऑक्सिजनचे आणि 6 डीए, म्हणजे विरघळवलेल्या ॲसिटिलीनचे सिलिंडर होते. डीएला हात लावून बघायची मला सवय आहे. सोबतचे त्यावरून हसतात.

तिसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच थबकलो. चटका नव्हता, ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखं लागलं.

"तीन तास उन्हातून आलोय साहेब, तापणारच की," ड्रायव्हरमामा म्हणाले.

खरं होतं, पण उन्हाकडच्या बाजूचे दोन्ही डीए याच्याहून गार होते, आणि हा मधोमध सावलीत. शिवाय ऊन सगळं अंग तापवतं. हा खांद्याशी ऊबदार, बुडाशी थंड.

ऑक्सिजन 150 बारला भरला तरी मुकाट बसतो. ॲसिटिलीनचं तसं नाही. मोकळ्या ॲसिटिलीनचा दाब गेजवर साधारण 1 बारच्या वर गेला की हवा नसतानाही त्याचं विघटन होऊ शकतं; कार्बन आणि हायड्रोजन सुटे होतात आणि वर उष्णता बाहेर पडते. म्हणून सिलिंडरात सच्छिद्र भराव असतो, त्यात मुरलेलं ॲसिटोन, आणि गॅस त्या ॲसिटोनमध्ये विरघळलेला. वेल्डिंगच्या टॉर्चमधून ज्योत उलटी आत शिरली तर भराव तिला पसरू देत नाही, पण कधीकधी ती वरच्या बाजूला तासन्तास धुमसत राहते. बाहेरून काही दिसत नाही.

"मामा, इंजिन बंद करा आणि चला."

ते मोबाइल घ्यायला केबिनकडे वळले. मी बाही धरून ओढलं.

200 मीटरपर्यंतचा परिसर रिकामा केला, अग्निशमन दलाला फोन गेला. त्यांनी भिंतीच्या आडोशाला नोझल बांधून पाणी सोडलं, धरायला कुणीही नाही. व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, सिलिंडर हलवायचा नाही. तासाभराने पाणी बंद करून दुर्बिणीतून पाहिलं. बाकीचे पाच ओलेगच्च, काळपट. तिसऱ्याच्या खांद्यावर तळहाताएवढा डाग बघता बघता वाळला. पाणी पुन्हा सुरू.

तेवढ्यात मी ग्राहकाच्या साइटवर फोन लावला. आधी "काही झालं नाही." दुसऱ्यांदा विचारल्यावर तिथला फोरमन हळूच म्हणाला, "सकाळी टॉर्चमध्ये फट्ट झालं. नळी आतून काळी पडली. व्हॉल्व्ह बंद केला. गॅस संपतच आला होता, म्हणून रिकाम्यात टाकला." फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे उलटी येणारी ज्योत वाटेतच अडवणारा भाग? तो काढून ठेवला होता, गॅस कमी येतो म्हणून. मला राग आला, पण विचारल्यावर सांगितलं तरी!

गाडीचे कागद मात्र चोख होते. ॲसिटिलीन यूएन (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) 1001, वर्ग 2.1, ज्वालाग्राही. ऑक्सिजन यूएन 1072, वर्ग 2.2, दुय्यम धोका 5.1, कारण तो स्वतः जळत नाही, दुसऱ्याचं जळणं भडकवतो. सकाळचं फट्ट लिहायला त्यात रकानाच नव्हता. आणि 'रिकामा' म्हटलं तरी आत ॲसिटोन असतं, थोडा गॅसही उरतोच.

दुसऱ्या तासानंतर डाग ओलाच राहिला. आणखी एक तास पाण्याविना नुसतं बघत बसलो. मामा तेवढ्यात चारदा मोबाइलबद्दल विचारून गेले. मग दलाच्या लोकांनी तो सिलिंडर उभाच उचलून पाण्याच्या हौदात पूर्ण बुडवला आणि रात्रभर तिथेच ठेवला.

सकाळी बाहेर काढला. रंगाला साधा फोडही नव्हता. गळ्यातल्या टॅगवरचा 'रिकामा' शब्द मी खोडला आणि शेजारी लिहिलं, 'आत ज्योत गेली आहे. भरू नये.'