तुम्ही विचारलंत म्हणून: शुद्ध कोण बोलतं?

मी उच्चारांचा अभ्यास करते असं कळलं की समोरचा माणूस आधी जरा जपून बोलायला लागतो, आणि मग विचारतो, "खरं सांगा, शुद्ध मराठी नेमकी कुणाची?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असतं, आणि त्या उत्तरात तो स्वतःला धरत नाही. मला तेच जास्त लागतं.

'पाणी' हा एकच शब्द घेऊ. कितीतरी मराठी माणसं 'पानी' म्हणतात आणि शाळेपासून त्यावरून टोकली जातात. संगणकावर या शब्दाचं ध्वनिचित्र उघडलं की दिसतं, 'ण'ची ओळख खुद्द 'ण'मध्ये फारशी नसतेच, ती त्याच्या आधीच्या 'आ'च्या शेपटीत असते. जिभेचं टोक टाळूकडे वळू लागलं की 'आ'च्या अनुनादाची, म्हणजे तोंडाच्या पोकळीत आवाज घुमल्याने चित्रात उमटणाऱ्या आडव्या पट्ट्यांपैकी, तिसरी पट्टी खाली झुकते. सगळा खेळ सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपासचा. तेवढ्यावरून कान ठरवतो, हा 'ण'. मराठीत शब्दाच्या आरंभी 'ण' सहसा का येत नाही, याचं एक कारण इथेच असावं: आधी स्वरच नसेल तर ही खूण उमटणार कुठे?

'पानी' म्हणणाऱ्याची जीभ वळत नाही, दातांमागे टेकते. फरक एवढाच. त्या चित्रात कुणाचं शिक्षण दिसत नाही, अक्कल दिसत नाही, जात दिसत नाही. ते सगळं ऐकणारा आपल्या पदरचं घालतो.

आणि मुळाशी जायचं तर संस्कृत शब्द 'पानीय'. त्यात 'न'च आहे. प्राकृतात त्याचा 'ण' झाला आणि तो आपल्याकडे आला. म्हणजे आज ज्याला शुद्ध म्हणतो तो 'ण' हाही एकेकाळी झालेला बदलच. 'पानी'वाल्यांनी संस्कृत जपून ठेवलं, असं मात्र मी म्हणणार नाही. अशा बहुतेक बोलींत 'ण'चा पुन्हा 'न' झालेला आहे. आवाज असे जातात, परत येतात.

मान कोणत्या आवाजाला मिळतो, हे माणसं ठरवतात. विल्यम लबोव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या दुकानांत जाऊन तिथल्या कर्मचाऱ्यांना चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूंबद्दल विचारलं. उत्तर यायचं, 'फोर्थ फ्लोअर'. या दोन शब्दांतला 'र' माणसं उच्चारतात की गाळतात, हे त्याला ऐकायचं होतं. ऐकू न आल्यासारखं करून तो पुन्हा विचारायचा. अशी २६४ माणसं झाली. श्रीमंतांच्या दुकानात 'र' जास्त वेळा ऐकू आला, स्वस्त दुकानात सर्वांत कमी. आणि दुसऱ्यांदा ठासून सांगताना 'र'चं प्रमाण वाढलं. त्या शहरात 'र' गाळणं कमीपणाचं होतं, तर तोच 'र' गाळणं इंग्लंडच्या प्रतिष्ठित बोलण्याची ओळख होती. तीच जीभ, तोच आवाज. मग शुद्धता कुठे शोधायची?

"म्हणजे कसंही बोललं तरी चालतं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. प्रमाणभाषा लागते. पाठ्यपुस्तकं, कायदे, बातम्या सगळ्यांना कळायच्या तर एक सामाईक रूप हवंच, आणि ते प्रत्येक मुलाला नीट शिकवलं पाहिजे. पण शिकवताना त्याच्या घरची बोली चूक ठरवायची गरज नाही. 'पानी' म्हटलं म्हणून वर्ग हसला की ते मूल 'पाणी' शिकत नाही, ते हात वर करायचं बंद करतं. याबाबतीत मला तडजोड करता येत नाही.

माझे बहुतेक दिवस हेडफोन लावून, कुठला आवाज कुठे सुरू झाला आणि कुठे संपला याच्या रेघा ओढण्यात जातात. पण सगळ्यांत अवघड काम रेकॉर्डर सुरू करतानाचं. माणूस जसा एरवी बोलतो तसं ऐकायचं असतं, आणि कुणी ऐकतंय म्हटलं की तो तसा बोलत नाही.

एका आजींनी शब्दांची यादी वाचताना स्वच्छ 'पाणी' म्हटलं. पुढे गप्पा रंगल्या आणि त्यांनी आत हाक मारली, "अगं, पानी आन गं यांना!" दुसऱ्या क्षणी त्यांचा चेहरा उतरला. रेकॉर्डरवर हात ठेवून म्हणाल्या, "तेवढं पुसून टाका हो बाई, चुकून गेलं तोंडातून." मी म्हटलं, "आजी, तेवढ्यासाठीच तर आले मी." त्यांना ते पटलं नाही. माइकजवळ सरकून त्यांनी सावकाश तीनदा म्हणून दाखवलं: पाणी, पाणी, पाणी.

ती तिन्ही मी मोजणीत धरली नाहीत. पुसलीही नाहीत.