व्हेरिअन्स: अडचण जागेची हवी, तुमची नाही

न्यू जर्सीतलं आमचं जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरल्यापासून पुण्याहून काकांचा एकच प्रश्न असतो, "अरे जागा तुझी, पैसे तुझे, मग परवानगी कसली मागत बसलायस?" दरवेळी फोनवर समजावण्यापेक्षा लिहूनच टाकतो.

आमचा लॉट, म्हणजे घराचा प्लॉट, ५० बाय १०० फूट. घर बांधलं तेव्हा आत्ताचे नियम नव्हते, आता टाउनला या भागात ७५ फूट रुंदी पाहिजे आणि दोन्ही बाजूंना १० फूट साइड यार्ड, म्हणजे घर आणि हद्दीमधली मोकळी जागा. आमचं घर एका बाजूला कुंपणापासून जेमतेम ४ फुटांवर. आहे तोवर चालतं, आग-बिग लागून थोडंफार पडलं तर दुरुस्तही करता येतं, पण पूर्ण पाडलं की जुना हक्कही घरासोबत गेला! मग "दोन भिंती ठेवा आणि रिनोव्हेशन म्हणा" असे सल्ले देणारे भेटतातच. आमच्या वकिलाने सरळ इथल्याच सीसाइड पार्क गावची २०१३ ची केस दाखवली, तिथे रिनोव्हेशनच्या परमिटवर जवळजवळ सगळं घर काढलं होतं आणि अपील कोर्ट म्हणालं हे काही अर्धवट पडणं नव्हे. म्हणजे भिंती कुजक्या निघाल्या आणि त्याही काढल्या की बसा बोंबलत.

म्हणून मग व्हेरिअन्स, म्हणजे टाउनच्या झोनिंग बोर्डासमोर (कुठे काय आणि कसं बांधायचं या नियमांतून सूट द्यायची की नाही हे ठरवणारी मंडळी) जाऊन सूट मागायची. आणि इथे आपल्या माणसांचं हमखास गणित चुकतं. आपण सांगायला लागतो की आई-बाबा सहा महिने येऊन राहतात, आईचे गुडघे गेलेत, खाली बेडरूम हवी... बोर्ड शांतपणे ऐकून घेतं, पण कायद्यात हार्डशिप, म्हणजे अडचण, असते ती जमिनीची. लॉट अरुंद आहे, वेडावाकडा आहे, चढावर आहे, असलं काहीतरी. आईचे गुडघे त्यात बसत नाहीत. (दुसरा रस्ताही आहे, सूट दिल्याने एकंदर फायदा नुकसानापेक्षा जास्त हे दाखवायचं, पण त्यासाठी प्लॅनर, म्हणजे नगररचनेचा तज्ज्ञ, साक्षीला उभा करावा लागतो आणि त्याचं बिल वेगळं.)

सगळ्यात गंमत शेजाऱ्यांच्या पत्रांची. लॉट लहान आहे ना, मग तो मोठा करायचा प्रयत्न केला का, हे बोर्ड विचारतं, म्हणून दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना रीतसर लिहायचं की तुमची थोडी पट्टी विकता का, नाहीतर आमचा लॉट तुम्ही घेता का. आता त्यांचेही लॉट ५० चेच, पट्टी विकली तर त्यांचाच प्रॉब्लेम वाढणार, हे सगळ्यांना माहीत! तरी पत्र पाठवलं. पलीकडच्या आजी पत्र घेऊन दारात, "तुम्ही घर सोडून चाललात का?" मग चहा करून त्यांना सगळा कायदा सांगितला.

उंची आणि एरिया मात्र आम्ही मुकाट्याने कमी केले. आर्किटेक्टने काढलेला वरचा मजला ठेवला असता तर फ्लोअर एरिया रेशो (लॉटच्या मानाने किती बांधकाम चालतं त्याचं प्रमाण, आपल्याकडचा एफएसआय) ओलांडून मामला डी व्हेरिअन्स या जास्त कडक प्रकारात गेला असता, तिथे सात जणांच्या बोर्डात पाच मतं लागतात. साइड यार्डसारख्या सी व्हेरिअन्सला हजर असलेल्यांचं बहुमत पुरतं. एका खोलीसाठी कोण ती रिस्क घेणार, बायको अजून धुसफुसते ते सोडा.

सध्या नोटिशीचं काम चालू आहे. २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांची यादी टाउनकडून घ्यायची, हिअरिंगच्या किमान १० दिवस आधी प्रत्येकाला सर्टिफाइड मेल, शिवाय जाहीर नोटीस, एक जरी मालक राहिला तर हिअरिंग पुढे ढकललं जाऊ शकतं, त्यामुळे पोस्टाच्या पावत्या मी पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवल्यात. आणि हो काका, मंजुरी मिळाली तरी निर्णयाची जाहीर नोटीस प्रसिद्ध झाल्यावर ४५ दिवस कुणीही कोर्टात जाऊ शकतं, तोवर घराला हात लावू नका असं वकील म्हणतो, तेव्हा भूमिपूजनाचा मुहूर्त इतक्यात काढू नका.