फो बो, खेप चौथी: रस्सा अखेर नितळ

फो बो म्हणजे व्हिएतनामी गोमांसाचं नूडल सूप. या खेपेत म्हशीची नळीची आणि गुडघ्याची हाडं अडीच किलो, छातीचं मांस 700 ग्रॅम, पाणी 6 लिटर. सहा तासांनी रस्सा उरला जेमतेम चार लिटर.

हाडं आधी 10 मिनिटं खळखळ उकळायची, राखाडी फेसासकट ते पाणी मोरीत ओतायचं आणि एकेक हाड नळाखाली घासायचं. सांध्याच्या खाचेत साकळलेलं रक्त ब्रशशिवाय निघत नाही. पातेलंही घासा. तिसऱ्या खेपेत ते राहिलं आणि कडेचा फेस पुन्हा रश्शात उतरला.

नंतर झाकण न ठेवता मंद आच. एका कडेला अधूनमधून बुडबुडा यावा, बस्स. रस्सा खळखळला की चरबी पाण्यात फेटली जाते, मग कितीही गाळा, तो दुधट तो दुधटच. कुकरचंही तेच: शिट्टी झाली की दाब एकदम उतरतो आणि आत उसळी येते. कुकरच वापरायचा तर शिट्टीआधी आच बारीक करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. छातीचं मांस दीड-दोन तासांनी काढून गार पाण्यात टाकायचं, नाहीतर काळं पडतं.

दोन कांदे आणि 100 ग्रॅम आलं थेट जाळावर भाजून, काळं साल काढून सुरुवातीलाच. मसाला कोरडा भाजून पुरचुंडीत, तोही शेवटच्या तासात: चक्रीफुलं 5, बोटभर दालचिनी, लवंगा 4, धणे एक चमचा. तिकडची थाओ क्वा ही मोठी वेलची इथे मिळणं कठीण. आपली मसाला वेलची जास्त धुरकट, म्हणून अर्धीच. आपला हात मसाल्याला सैल. इथे आवरला नाही तर मटणाचा रस्सा होतो.

फिश सॉस 60 मिली, खडीसाखर 30 ग्रॅम, मग मीठ. नुसता चाखल्यावर किंचित खारट लागायला हवा, कारण नूडल्स अळणी असतात.

तांदळाच्या चपट्या नूडल्स साध्या पाण्यात अर्धा तास भिजवून, वेगळ्या पातेल्यात 15 सेकंद उकळायच्या. रश्शात घातल्या तर पिठूळपणा येतो. नूडल्सवर मांडायचं कच्चं मांस अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून धाग्यांच्या आडवं, कागदासारखं कापायचं. वर रस्सा उकळताच ओतायचा, कोमट नाही.

वर हनोईच्या पद्धतीने फक्त पातीचा कांदा आणि लसणीचं व्हिनेगर. मोड आणि तुळस हा सायगॉनचा थाट. रस्सा जमेपर्यंत त्यांची गर्दी नको.

पुढच्या खेपेत एक किलो शेपटीची हाडं घालायची आहेत. चिकटपणा अजून कमी वाटतो.