कॉन्स्टेबलच्या चित्रांतले काम आणि कामकरी

रविवार, रात्री

दुपारपासून इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलची चित्रे पडद्यावर मोठी करून पाहत बसलो आहे आणि एक गोष्ट मनातून जात नाही. या चित्रकाराला काम फार नेमके दिसते, पण काम करणारा माणूस त्याच्या चित्रात बहुधा बोटभर उंचीचाच राहतो.

'द हे वेन' (गवताची गाडी) हे १८२१ सालचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच्या गावाजवळच्या स्टाउर नदीच्या उथळ पाण्यात घोड्यांची एक रिकामी गाडी उभी आहे, तिच्यात दोन माणसे आहेत, आणि उजवीकडे दूरच्या कुरणात गवत कापणारे मजूर व भरत आलेली दुसरी गाडी दिसते. उन्हाळ्यात लाकूड आकसून चाकाची लोखंडी धाव सैल होते, म्हणून गाडी पाण्यात घातली असावी, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. आपल्याकडे बैलगाडीची चाके नदीत भिजवत, हे ठाऊक असणाऱ्याला ते लगेच पटते. हे चित्र रंगवले गेले ते मात्र लंडनमध्ये. गाडीची बांधणी चुकू नये म्हणून कॉन्स्टेबलच्या धाकट्या भावाने, एब्रामने, गावातल्या तरुण जॉनी डनथॉर्नकडून तशा गाडीचे रेखाटन करवून त्याला पाठवले होते. गाडीसाठी एवढी खबरदारी घेणाऱ्या चित्रकाराने त्या मजुरांचे चेहरे मात्र रंगाच्या दोन-चार ठिपक्यांत आटोपले आहेत.

याचे कारण मला त्याच्या घरात दिसते. वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल हे धान्याचे व्यापारी होते. फ्लॅटफर्ड आणि डेडम येथील पाणचक्क्या आणि नदीतून मालाची ने-आण करणारे पडाव त्यांच्या ताब्यात होते. १७७६ साली इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या ईस्ट बर्गहोल्ट येथे जन्मलेल्या या मुलाने काही काळ चक्कीवर कामही केले होते. म्हणून १८१५ सालच्या, नावबांधणीच्या चित्रात वडिलांच्याच कोरड्या गोदीतला अर्धवट पडाव, भोवती पसरलेली हत्यारे आणि तापणारे डांबर इतक्या जाणकारीने येते. 'द लीपिंग हॉर्स' या १८२५ सालच्या चित्रातही तसेच आहे. गुरे इकडून तिकडे जाऊ नयेत म्हणून नदीकाठच्या वाटेवर आडवे अडसर घातलेले असत आणि पडाव ओढणाऱ्या घोड्यांना त्यांवरून उडी मारायला शिकवलेले असे. ही बारीक गोष्ट त्या नदीवर पोट असणाऱ्या घरातल्या माणसालाच चित्राचा विषय वाटणार. सडक्या फळ्या, शेवाळलेले खांब आणि बांधावरून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज आपल्याला प्रिय आहे, असे त्याने मित्र जॉन फिशरला लिहिले होते. ही ओढ खरीच आहे, पण ती चक्कीवाल्याच्या मुलाची आहे. मजुरी घेणाऱ्याची नव्हे.

नेपोलियनशी चाललेले युद्ध १८१५ मध्ये संपल्यावर धान्याचे भाव कोसळले, सैन्यातून परतलेल्या माणसांची कामासाठी गर्दी झाली आणि सफोकच्या मजुरांचे हाल झाले. १८२२ च्या वसंतात कॉन्स्टेबलने फिशरला कळवले की, गावाकडे रोज रात्री कुठे ना कुठे (चिडलेल्या मजुरांनी लावलेल्या) आगी दिसतात, असे भावाचे पत्र आले आहे. म्हणजे त्याला सारे ठाऊक होते. 'द हे वेन' तेव्हा अजून विकले गेलेले नव्हते. पुढे १८२४ साली पॅरिसमध्ये त्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. चित्रकाराने आगीच रंगवायला हव्या होत्या, असा हट्ट मी धरणार नाही, पण 'जुन्या इंग्लंडचे सुखी खेडे' म्हणून हे चित्र कॅलेंडरांवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर छापणाऱ्यांचे मला हसू येते.

अपवाद मला एकच सापडला, तो १८२४ च्या 'द लॉक' या चित्रात. लॉक म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून पडाव पुढे नेण्यासाठी नदीत बांधलेला, दारांचा हौद. तेथे लाल बंडीतला एक माणूस सारा भार टाकून जलद्वार उघडतो आहे आणि खाली पडाव पाणी उतरण्याची वाट पाहत थांबला आहे. या चित्रात झाडे, ढग, पाणी सगळे आहे, तरी नजर त्या माणसाच्या पाठीवर आणि ताठलेल्या पायांवर जाते, कारण या एका ठिकाणी काम म्हणजे अंगाला पडणारा ताण आहे, हे चित्रकाराने दडवलेले नाही. प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी हे चित्र दीडशे गिनींना (गिनी हे जुने इंग्रजी सोन्याचे नाणे) विकले गेले. घेणारा जेम्स मॉरिसन हा लंडनचा कापडाचा बडा व्यापारी होता.