ताईंना फोन द्या

ऑक्टोबर २०२४ चा पहिला आठवडा. आमच्या दैनिकाचं जिल्हा पान माझ्याकडे होतं आणि दुपारीच सर्वोच्च न्यायालयाची बातमी एजन्सीवर आली. गाव आमच्याच जळगाव जिल्ह्यातलं, विचखेडा. तिथल्या महिला सरपंच सरकारी जागेवर अतिक्रमण करून बांधलेल्या घरात सासूबरोबर राहतात, अशी तक्रार काही गावकऱ्यांनी केली होती. आपण नवऱ्या-मुलांसह वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो, असं त्या सांगत राहिल्या. तरी जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी तो निर्णय कायम केला आणि उच्च न्यायालयात तांत्रिक मुद्द्यावर याचिका फेटाळली गेली. २७ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं पद त्यांना परत दिलं. एक बाई सरपंच झाली, आता तिचे निर्णय आपल्याला मानावे लागणार, हेच गावकऱ्यांच्या पचनी पडलं नाही, असा निष्कर्षही काढला.

डेस्कवर मथळा तयार झाला : ‘अतिक्रमण प्रकरणी महिला सरपंचाला दिलासा’. एक कॉलम.

मी अडून बसले. हा मथळा वाचणाऱ्याच्या डोक्यात काय राहणार? बाईने अतिक्रमण केलं आणि कोर्टाने सोडून दिलं. जे न्यायालयाने खोडून काढलं तेच आपण मथळ्यात बसवणार, आणि जे ठणकावून सांगितलं ते शेवटच्या परिच्छेदात? एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “अगं, गावातले वाचक दुखावतील.” दुखावू देत की. आपल्या जिल्ह्याबद्दल देशाचं सर्वोच्च न्यायालय काहीतरी बोलतंय.

त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीची पानं माझ्या डोळ्यांसमोर होती. महाराष्ट्रातून सात महिला खासदार झाल्या आणि त्यातल्या तीन एकट्या खान्देशच्या : जळगावातून स्मिता वाघ, रावेरमधून रक्षा खडसे, धुळ्यातून शोभा बच्छाव. वाघ जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष होत्या, विधान परिषदेत आमदार होत्या. खडसे कोथळीच्या सरपंचपदापासून वर आल्या. तरी आमच्याकडच्या गप्पांत आणि मजकुरात सून कोणाची, पत्नी कोणाची, हेच आधी. तिकडे बारामतीत दोन महिला उमेदवार समोरासमोर होत्या, तर अख्ख्या महाराष्ट्राने त्या लढतीला ‘नणंद-भावजय’ करून टाकलं. पाणी, ऊस, रोजगार यांवर दोघींचं म्हणणं काय, हे किती जणांना आठवतंय? घराणेशाहीवर जरूर लिहावं, मी स्वतः लिहिते. पण मग मुलग्यांनाही तीच फूटपट्टी लावा.

मथळ्याचा वाद चालू असताना मी जिल्ह्यातल्या महिला सरपंचांच्या प्रतिक्रिया घ्यायला बसले. पहिलाच फोन चोपडा तालुक्यात. पुरुषाचा आवाज. “बोला, सरपंच बोलतोय.”

“ताईंना फोन द्या.”

“मीच सांगतो ना. बाईले काय समजस त्यातलं!”

मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा फोन त्यांच्या हातात गेला. सुरुवातीला हो-नाही एवढंच. मग मी न्यायालयाचा विषय बाजूला ठेवून गावच्या पाण्याचं विचारलं, आणि बाई सुटल्याच. जलजीवन या नळपाणी योजनेची टाकी उभी आहे, पण खालच्या वस्तीपर्यंत पाइप पोचलेला नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून काय करता येतं, काय येत नाही, हे ग्रामसेवकाकडून त्यांनी समजून घेतलं होतं. केळीच्या बागांना पाणी चालू असताना वस्तीतल्या बायका हंडे घेऊन फिरतात, हे सांगताना आवाज चढला.

शेवटी त्या म्हणाल्या, “ताई, एक विचारू? बीडीओ साहेबांसोबतच्या बैठकीतला माझा फोटो गावातल्या पोरांनी नको ते लिहून फिरवला. आणि तुमच्या पेपरात छापून आलं, ‘सरपंचांच्या फोटोची गावात चर्चा’. टाकीचं निवेदन मी तीनदा दिलं, त्याची एक ओळ आली नाही.”

मला उत्तर सुचलं नाही. ‘गावात चर्चा’ ही आमच्या धंद्यातली सगळ्यात सोयीचा आडोसा आहे. आरोप करणाऱ्याचं नाव नको, पुरावा नको, समोरचीची बाजू नको. पुरुष सरपंचावर असं छापताना वार्ताहर दहादा विचार करतो, कारण सकाळी दारात माणसं येतील हे त्याला ठाऊक असतं. बाईच्या दारात तीच माणसं तिलाच जाब विचारायला जातात. आणि नवरा कारभार करतो म्हणून हसणारे लोक नवऱ्याला कधी विचारत नाहीत की, बाबा, तू त्या खुर्चीत का बसलास?

हे सगळं मी संपादकांना सांगितलं, आवाज न चढवता, फोटोच्या त्या बातमीचं कात्रण समोर ठेवून. त्यांनी कात्रण वाचलं, मथळा बदलायला सांगितला. न्यायालयाचं निरीक्षण वर गेलं, बातमी चार कॉलम झाली. फोटोची ती बातमी कोणत्या आधारावर घेतली, याचा लेखी खुलासा वार्ताहराकडून मागवायचं ठरलं. सकाळी फोन आले. अर्ध्याहून जास्त चिडलेले, “गावाची बदनामी करता” म्हणणारे. एका आजोबांनी मात्र न्यायालयाने काय म्हटलं ते पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं. त्यांची नात ग्रामपंचायतीला उभी राहणार होती.

मी चोपड्याला फोन लावला आणि टाकीच्या ठेकेदाराचं नाव, कार्यादेश आणि कामाची मुदत मागवून घेतली.